मालकाची सही

सकाळी सहाला वजन.
मासे तोलायचा काटा, त्यावर साल्मेची पीठ मळायची परात,
परातीत सिल्क.
सिल्क म्हणजे रेशीम नव्हे. आमच्या बेटावर
बोटाएवढ्या खाऱ्या मासोळीला म्हणतात.
सापडली तेव्हा जेमतेम तेवढीच होती,
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत, तेलकट फडक्यात.

दोन किलो तीनशे दहा.
काल तीनशे चाळीस.
आकडे टिपायची खोड जुनी,
चौतीस वर्षं तेलाचा दाब लिहीत आलो,
बेट ते किनारा, किनारा ते बेट.

मग कोटाच्या खुंटीला सलाइन.
मानेची सैल कातडी चिमटीत धरून सुई.
खांद्यावर लहानसं वशिंड येतं,
दुपारपर्यंत पुढच्या पायात उतरतं.
एकोणीस वर्षांची मूत्रपिंडं.
ओरडत नाही. भिंतीकडे तोंड करून
मला माझं काम उरकू देते.

डॉक्टर मारेट म्हणाली होती,
दिवस मोजा, एन्देल.
चांगला गेला तर बरणीत पांढरा वाल, वाईट गेला तर काळा.
काळे जास्त झाले की फोन करा.

मी लबाडी केली.
चमच्यावरची साय एकदा चाटली : पांढरा.
वाळूच्या खोक्याबाहेर, पण अगदी जवळ : पांढरा.
रात्रभर न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून राहिली
त्या दिवशी वालच टाकला नाही.
म्हटलं, विसरलो.

शेजारची आस्ता म्हणते, निसर्गाला करू दे त्याचं काम.
निसर्ग.
साल्मेच्या वेळी त्यानं सात आठवडे घेतले.
शेवटी शेवटी ती हात धरून म्हणायची, बंद कर.
दिवा? मी विचारायचो. रेडिओ? खिडकी?
मला कळत होतं.
आयुष्यभर इंजिन बंद करणारा माणूस मी,
आणि तिथं कळ माझ्या हातात नव्हती.
कळ फक्त तिला येत होती.

आता कागद आलाय. पाच ओळी,
खाली रेघ : मालकाची सही.
बोट सरकारची, घर साल्मेच्या आईचं,
मांजर तर स्वतःच्याच मर्जीचं.
मालक मी कधी झालो?
फक्त एवढ्यापुरता?

गुरुवार, चार वाजता, ठरलं.
आणि बुधवारी ती उठली.
टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्यांच्या तीन पायऱ्या रचल्यात मी,
त्या चढून खिडकीत बसली,
जूनच्या मावळायचं नाव न घेणाऱ्या उजेडात,
आणि जुनिपरवरच्या पाखराकडे बघून
दात कडकडवले. सात महिन्यांनी.

मी फोन उचलला. गुरुवार नको, म्हणायला.
बोला, मारेट म्हणाली.
तेवढ्यात उतरायला निघालेली सिल्क
वरच्या पायरीवर थांबली.
पाय पुढे. पाय मागे.
ती फरशीकडे बघतेय, मी तिच्याकडे.
बोला ना, एन्देल.
मी विचारलं, तू कॉफीत दूध घेतेस का?
थोडं थांबून ती म्हणाली, घेते.

दूध आणलं.
सही आधी केली, मग दूध ओतलं.
पुढचं सांगणार नाही.
मांडीवर होती. मांडी बराच वेळ गरम राहिली.
मारेटनं कप पूर्ण संपवला, ते बरं वाटलं.

संध्याकाळी आस्ता धुरी दिलेले मासे ठेवून गेली, दोन.
सलाइनची पिशवी अर्धी उरलीय.
कुंडीला घालता येत नाही, मीठ आहे त्यात.
खुंटीलाच राहू दे, कोट खुर्चीवर टाकतो.

शुक्रवारी सहाला जाग आली.
काट्यावर परात तशीच.
परातीचे आठशे वीस ग्रॅम रोज वजा करायचो.
आज काट्यानं तेवढेच दाखवले.
कॅलेंडरवर लिहिलं, आठशे वीस.
वजा केलं नाही.